संगणकातली जळमटे



माझी धाकटी बहीण आचऱ्याला राहते. ती काजूच्या फॅक्टरीत कामाला जाते, भावोजी गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मुंबईच्या काकांनी ऑफिसातून निघालेला एक जुना संगणक मे महिन्यात गावी येताना आणून दिला. घरात केवढा आनंद! आता शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एस.टी.चे भाडे आणि आईचा एक दिवसाचा खाडा वाचणार होता.

एके दिवशी पोरगी आईला म्हणाली, "आये, शिष्यवृत्तीच्या फॉर्माक पाचशे रुपये व्हये."

बहीण सातवीपर्यंत शिकलेली. संगणकाला तिने कधी हात लावलेला नाही. पण तिने विचारले, "गेल्या साली पैशे नाय लागले, मगे आता कित्याक?"

त्या एका प्रश्नाने घर वाचले. सरकारी महाडीबीटी पोर्टलवर विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीच्या अर्जाची फी भरावी लागत नाही. मुलगी ज्या पानावर आधार क्रमांक भरून बसली होती, ते पोर्टल सरकारी नव्हतेच.

मग पोरीला रडू फुटले आणि खरी हकीकत बाहेर आली. अर्जाला जोडायचा फोटो लहान आकाराचा लागतो, म्हणून तिने फोटो लहान करणारा एक फुकट प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवला होता. तो बसवताना वाचून न पाहता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेली. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तो क्रोमसारखा प्रोग्राम, वेड्यासारखा वागू लागला. उघडला की भलतेच पान पुढे येई. काही शोधले तर अनोळखी ठिकाणी नेई. कोपऱ्यात जाहिराती उगवत. एकदा तर लाल खिडकी आली : ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ पोरगी चार दिवस गप्प राहिली. काकाने एवढा संगणक दिला आणि आपण बिघडवला, ही तिची भीती.

तिचा दोष फार नाही, हे आधी सांगते. असले प्रकार जगभर झाले आहेत. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच एका उपद्रवाची माहिती जाहीर केली. तोही दुसऱ्या प्रोग्रामांच्या पाठीवर बसूनच घरात शिरे, ब्राउझरचे पहिले पान आणि शोधायची जागा बदलून टाकी, आणि त्याचे कर्ते जाहिरातींतून पैसे कमावीत. जगातले २५ कोटी संगणक बाधित असावेत आणि त्यांतले सुमारे अडीच कोटी भारतात, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले. आकडा काही असो, शिरण्याची वाट तीच : फुकटचा प्रोग्राम आणि न वाचता दाबलेले बटण.

आमच्या वाडीतला एक मुलगा कुडाळला संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. रविवारी त्याला बोलावले. तो स्वतः हात लावीना. पोरीला म्हणाला, "मी सांगतंय, तू कर." ते तुमच्या उपयोगाचे आहे म्हणून क्रमाने लिहिते.

पहिले काम, इंटरनेट तोडणे. दुसरे, रोग आणणारा मूळ प्रोग्राम काढणे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून यादी तारखेप्रमाणे लावली, तेव्हा फोटोच्या प्रोग्रामबरोबर त्याच दिवशी आणखी दोन अनोळखी नावे बसलेली दिसली. तिन्ही काढली. हे आधी का? तर मूळ तसेच ठेवून नुसता ब्राउझर पुसला, तर दुसऱ्या दिवशी घाण परत उगवते.

तिसरे, ब्राउझर. क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तिथून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडायचे. ही ब्राउझरला जोडलेली लहान लहान ठिगळे. जे आपण लावले नाही, ते काढायचे. मग सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ आणि ‘ऑन स्टार्टअप’ तपासून भलते पत्ते उडवायचे. त्यानंतर ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’. इथेच कोपऱ्यातल्या जाहिरातींचे मूळ सापडले. ‘तुम्ही माणूस आहात हे दाखवायला अलाऊ दाबा’ असे एका पानाने सांगितले, आणि पोरीने दाबले होते. ती परवानगी काढताच जाहिराती बंद झाल्या.

एवढे करून भागले नाही तर सेटिंग्जमध्ये ‘रिसेट’ आहे. त्याने एक्स्टेन्शन्स बंद पडतात, पण जपून ठेवलेले पत्ते आणि पासवर्ड जात नाहीत. म्हणून घाबरू नये. मात्र ब्राउझर गुगल खात्याशी जोडलेला असेल तर ‘सिंक’ आधी बंद करावे, नाहीतर काढलेले ठिगळ खात्यातून पुन्हा येऊन बसते.

चौथे, संगणकाची पूर्ण झडती. क्रोममध्ये पूर्वी स्वतःची साफसफाईची सोय होती, ती गुगलने २०२३ मध्ये काढून घेतली. आता विंडोजमध्येच असलेल्या ‘विंडोज सिक्युरिटी’तून ‘फुल स्कॅन’ करावा. वेळ लागतो, लागू द्यावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७ पासून अशी साधने फुकट दिली आहेत. सुरुवातीच्या साधनांत पुण्याच्या क्विक हीलचे साधन होते. ती कंपनी काढणारे कैलास काटकर मॅट्रिकपर्यंतच शिकलेले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. हे ऐकून पोरीचा चेहरा जरा खुलला.

पाचवे काम पासवर्डचे. ते बिघडलेल्या संगणकावर कधीच करू नये. आईच्या मोबाईलवरून ईमेलचा आणि महाडीबीटीचा पासवर्ड बदलला. आधार क्रमांक चुकीच्या हाती गेला होता, म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, आणि बँकेत जाऊन पासबुक भरून आणले. पैसे जागेवर होते. गेले असते तर १९३० या नंबरवर त्याच क्षणी फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

लाल खिडकीतल्या नंबरवर मात्र कधीही फोन करू नका. खरा संगणक असा नंबर दाखवीत नाही. खिडकी बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून ब्राउझरच बंद करावा.

जाता जाता त्या मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. संगणकात विंडोज १० होते, आणि त्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. आपल्या घरांत येतात ते बहुतेक असे जुनेच संगणक. संगणक कोणी दिला तर नाही म्हणू नये, पण विंडोज कोणते आहे आणि पुढचे बसते का, हे जाणकाराला आधी विचारावे.

संध्याकाळी पोरीने सरकारी पत्ता एकेक अक्षर पाहून स्वतः टाईप केला आणि अर्ज भरला. अर्जाचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

त्या चार दिवसांच्या गप्प बसण्याचे मला अजून वाईट वाटते. अर्ज राहिला असता तर वर्षाची फी आईच्या मजुरीतून गेली असती. आपल्या पोरांनी संगणक बिघडवला तर रागावू नका. पुन्हा बिघडला तर ती सांगणार नाहीत. आणि घरातल्या आयांनो, आपल्याला यातले काही कळत नाही म्हणून मागे सरू नका. पैसे कशाला लागतात, हे विचारायला संगणक यावा लागत नाही.