काळ्या कोटाची पुण्याई

वकिलांच्या आंदोलनापुढे सत्ताधाऱ्यांनी नमते घ्यावे, असे उदाहरण विरळाच. पाकिस्तानात ते घडले. ९ मार्च २००७ रोजी जनरल परवेझ मुशर्रफ यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांना पदावरून दूर केले आणि देशभरातील वकील रस्त्यावर उतरले. ३ नोव्हेंबरच्या आणीबाणीत ऐतझाज अहसान यांच्यासह अनेक वकील स्थानबद्ध झाले. मार्च २००९ मध्ये चौधरी पुन्हा पदावर आले, तोवर मुशर्रफ यांची सत्ता गेली होती.

या विजयाची किंमत दुहेरी होती. न्यायालयांवरील बहिष्कारामुळे वकिलांची मिळकत बुडाली, तशीच कच्च्या कैद्यांची तारीखही लांबली. घटनेशी निष्ठा की अशिलाशी, हा पेच खरा होता.

पुढे मात्र पेचही उरला नाही. जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांच्या मारेकऱ्यावर काही वकिलांनी न्यायालयाच्या आवारात गुलाबपाकळ्या उधळल्या. आरोपीचा बचाव हा वकिलाचा धर्म. त्याचा सत्कार नव्हे. ११ डिसेंबर २०१९ रोजी तर लाहोरच्या हृदयरोग रुग्णालयावर वकिलांच्या जमावाने हल्ला केला. त्यात रुग्ण दगावले.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच वकिलांना संपाचा हक्क नाही, असे बजावले होते. न्यायसंस्थेची प्रतिष्ठा वा स्वातंत्र्य पणाला लागले, तरच एखाद्या दिवसापुरता अपवाद. २००७ चा लढा या कारणात बसत होता, मुदतीत नव्हे. नंतरची झुंडशाही कशातच बसत नव्हती. काळ्या कोटाची पुण्याई अशी स्वकीयांनीच खर्ची घातली.