दुकानातला उजेड आणि कापडाचा रंग

आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या लोकांच्या वाढोण्यात, दुकान नवे करायचे म्हटले की आधी छताचे काम निघते. पीओपीचे खोटे छत, त्यात दोन बाय दोन फुटांचे खण आणि त्या खणांत बसवलेल्या ट्यूबा किंवा एलईडी पॅनेल. दुकान झगमगते, मालक खूश होतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या उजेडात कापडाचा रंग खरा दिसतो काय? आमच्या मते बऱ्याच दुकानांत दिसत नाही. आणि याचा भुर्दंड कापडवाला, टेलर आणि जरीकाम करणारा कारागीर या तिघांवर पडतो.

मॅचिंगच्या दुकानात नित्य घडणारी गोष्ट घ्या. साडी आणि ब्लाऊजपीस काउंटरवर अगदी एक दिसतात. बाई ओट्यावर उन्हात जाऊन पाहतात तर एक निळसर आणि दुसरा लालसर. दोन गिरण्यांनी वेगवेगळे रंग वापरून एकच छटा काढलेली असते. सूर्याच्या उजेडात सगळे रंग भरपूर असतात, म्हणून तिथे फरक उघडा पडतो. ट्यूबच्या उजेडात काही रंग जास्त तर काही फारच कमी, म्हणून फरक झाकला जातो. गिऱ्हाईक मात्र म्हणते, दुकानदाराने फसवले. माल दाखवताना ऐब लपवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. इथे तर दुकानदाराच्या मनात काही नसताना छतच ऐब लपवते!

दिवा रंग किती खरा दाखवतो याचा एक आकडा असतो. त्याला सीआरआय म्हणतात. १०० म्हणजे उन्हासारखा. जुन्या जाड ट्यूबचा आकडा ७५ च्याही खाली असे. चांगल्या ट्यूब आणि बाजारातले बहुतेक एलईडी ८० च्या आसपास असतात. पण ८० वाल्या एलईडीत गडद लाल रंग फिका पडतो. आता लग्नसराईचा निम्मा माल लाल आणि मरून, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. कापडासाठी ९० च्या वरचा दिवा मागावा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणाला तर खोक्यावरचा आकडा दाखवा म्हणावे, आणि आकडा छापलेलाच नसेल तर माल परत ठेवावा.

आपल्या व्यापारी बंधूंचा एक गैरसमज आहे की, जितका पांढरा उजेड तितका रंग खरा. खोक्यावर ६५०० लिहिलेले असते तो फक्त उजेडाचा पांढरेपणा आहे. रंगाच्या खरेपणाशी त्याचा संबंध नाही. ६५०० चा दिवा चांगलाही असतो आणि टाकाऊही असतो. शिवाय पांढऱ्या कापडाची गंमत वेगळीच आहे. त्यात चमक आणणारे रसायन घातलेले असते. ते उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी उजळते. साध्या एलईडीत हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून ईदच्या कुर्त्याचे पांढरे थान दुकानात पिवळट वाटते आणि बाहेर शुभ्र दिसते. पांढरा माल दारातच दाखवावा हे उत्तम.

नांदेडला राष्ट्रध्वजासाठी खादी तयार होते. त्या झेंड्याच्या केशरी आणि हिरव्या छटा सरकारी मानकात मापून ठरवलेल्या आहेत. नजरेच्या अंदाजाला तिथे वाव नाही. आपल्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, पण काउंटरवर तरी उजेड नीट हवा.

खर्चाचे म्हणाल तर सगळे छत भारी दिव्यांनी भरू नये. गादीवर जिथे थान उलगडतो आणि आरशासमोर, तेवढेच दोन-तीन पॅनेल ९० च्या वरचे घ्यावेत. रॅकवर साधे चालतात.

ज्यांच्या छतात अजून ट्यूबा आहेत त्यांनी आता नवीन ट्यूबांवर पैसा घालू नये. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत सरळ ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करायचे ठरले. भारताने हा करार २०१८ मध्येच मान्य केला आहे. विजेचा हिशेबही तेच सांगतो. १८ वॉटच्या चार ट्यूबांचा खण चोकसह ८० वॉटच्या वर खातो, तर त्याच जागी बसणारे पॅनेल ३६ ते ४० वॉटमध्ये भागवते. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल तर चोक आणि स्टार्टरचे काय करायचे ते वायरमनकडूनच करून घ्यावे. काढलेल्या ट्यूबा फोडू नयेत. फुटलीच तर दारे-खिडक्या उघडाव्यात आणि काचा हाताने उचलू नयेत.

घराबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या किंवा बुटक्या खोलीत खोटे छत घालून दिवे आत बसवण्याची हौस आम्हाला पटत नाही. जागा जाते आणि उजेड डोक्यावर बसतो. झोपायच्या खोलीत ३००० चा पिवळसर दिवा भिंतीवर लावला तरी पुष्कळ.

मात्र कापडाच्या दुकानात एक गोष्ट कधीच टाळू नये. खोट्या छताच्या आत वायरीचे सांधे उघडे राहतात, उंदीर कुरतडतात, जुने चोक तापतात, आणि खाली लाखांचे कापड असते. पीओपी बंद करण्याआधी वायर पाईपमधून नेली आहे की नाही ते मालकाने स्वतः शिडीवर चढून पाहावे, आणि पुढे तपासता यावे म्हणून छतात एक झडप ठेवायला मिस्त्रीला सांगावे.