मुक्त म्हणजे फुकट नव्हे!

आमच्या वर्ध्यात एक सोय आहे. कुणाला गप्प करायचे झाले की सेवाग्रामकडे बोट दाखवावे. परवा एका घरगुती बैठकीत हाच प्रयोग माझ्यादेखत झाला. हिंगणघाटचा एक होतकरू मुलगा, माझ्या शेजाऱ्यांचा भाचा, संगणकाचे काम करतो. त्याने 'ईआरपीनेक्स्ट' नावाच्या मुक्त आज्ञावलीत फेरफार करून एका जिनिंगवाल्याला कापसाच्या वजनपावत्यांचा हिशेब बसवून दिला आणि त्याचे बारा हजार रुपये घेतले. झाले! बैठकीतले एक वयोवृद्ध गृहस्थ कडाडले, "मुक्त वस्तूचे पैसे घेतोस? आणि तेही गांधींच्या जिल्ह्यात?"

पोरगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "काकाजी, मंग मी खावू काय?"

त्या पोराला जे बोलता आले नाही, ते मी बोलतो.

गांधींचेच नाव काढलेत ना? मग ऐका. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. त्या काळचे एक लाख बरे का! चरखा दीडशे रुपयांच्या आत बसावा, देशात तयार व्हावा, खेड्यातल्या बाईला आठ तास न थकता चालवता यावा, अशा त्याच्या अटी होत्या. आणखी एक अट फार बोलकी होती. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे. पण बक्षीस हवे असेल, तर ते हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. म्हणजे कारागिराच्या पदरात लाख रुपये आणि युक्ती लोकांच्या हाती! बक्षीस कुणालाच मिळाले नाही, ही गोष्ट निराळी. पण "देशसेवा आहे, फुकट करा" असे संघ म्हणाला नाही. पुढे १९३५ साली, गांधीजी मगनवाडीत असताना, कातणारणीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत म्हणून त्यांनीच आग्रह धरला. खादी महागेल म्हणून कार्यकर्ते कुरकुरले, तरी मजुरी वाढवण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. 'हिंद स्वराज्य'च्या १९१०च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापणारा माणूस तो हाच. हक्क सोडणे निराळे आणि मजुरी बुडवणे निराळे, हे त्याला नेमके कळत होते.

संगणकाच्या जगात हाच भेद रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने मांडला. १९८९ साली त्याचा 'जीपीएल' हा परवाना निघाला. त्यात विकायला बंदी नाही. वाटेल ती किंमत घ्या. मात्र ज्याला आज्ञावली द्याल, त्याला तिचा मूळ मजकूरही मिळाला पाहिजे. त्याने ती बदलावी, दुसऱ्याला द्यावी, विकावीही. तुम्ही आडवे येऊ नये. ईआरपीनेक्स्ट याच परवान्याखाली आहे आणि ते मुंबईच्या एका कंपनीने घडवले आहे. दुसऱ्यांसाठी ते आपल्या यंत्रांवर चालवून देण्याचे पैसे ती कंपनी घेते. कुणी तिला पापी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता उलट बाजू, कारण तिथे माझे स्वतःचे हात पोळले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या छोट्या छापखान्यासाठी मराठी जुळणीची एक आज्ञावली मी रोख पैसे मोजून घेतली. घेतली कसली, भाड्याने राहिलो म्हणा! सोबत एक बोटभर किल्ली होती. ती संगणकाला खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. किल्ली बिघडली, विक्रेत्याने हात वर केले, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून टिपून घेतलेल्या आठवणींची चारशे पाने आजही माझ्याकडे अगम्य चिन्हांच्या रूपात पडून आहेत. सांगणारे बहुतेक गेले. भाषा माझ्या आईची, मजकूर माझ्या गावाचा आणि कुलूप परक्याचे! करारनाम्यात ते सारे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मी वाचले नव्हते. तुम्ही तरी वाचता काय?

एक अडचण मात्र कबूल केली पाहिजे. तो जिनिंगवाला उद्या हीच आज्ञावली पाच मित्रांना वाटू शकतो आणि पोराला त्यातला छदामही मिळणार नाही. खरे आहे. म्हणून त्याने नकलेचे नव्हे, कामाचे पैसे घ्यावेत: बसवण्याचे, शिकवण्याचे, हंगामात रात्री अकराला अडलेला काटा सोडवायला धावून जाण्याचे. त्यात बंगला होणार नाही कदाचित, चूल पेटेल.

बैठकीनंतर मी त्या पोराला बाजूला घेऊन विचारले, "मूळ मजकूर दिलास का त्या शेठला?"

तो चपापला. दिला नव्हता. "थो माणूस वाचनार हाय काय काकाजी?"

"न वाचो. त्याचा हक्क आहे तो. आणि उद्या तू पुण्याला गेलास तर?"

मग मात्र मी त्याला चांगलेच फैलावर घेतले. चार दिवसांनी तो एका पेनड्राइव्हवर सगळे उतरवून जिनिंगवर गेला. शेठने ती वस्तू उलटसुलट करून पाहिली, "याचं काय करू?" म्हणून विचारले, आणि शेवटी वजनाच्या जुन्या पावत्यांबरोबर तिजोरीत ठेवून दिली.