अजून एकदा करून बघा!

मंडळी, गेल्या महिन्यात आमचं पहिलं आयव्हीएफ फसलं. बहुतेक नातेवाइकांना कळलंच आहे. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

रिपोर्ट आल्यापासून एकच वाक्य ऐकतेय, "एवढं केलंत, आता अजून एकदा करून बघा." माझं भांडण या वाक्याशी आहे.

अहो, ही काय भिशी आहे, हप्ते भरत राहिलं की कधीतरी आपला नंबर लागणारच? पहिल्या वेळचे पैसे, पोटात टोचलेल्या सुया, सोनोग्राफीसाठी सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून ठाण्याला मारलेल्या खेपा... यातलं काहीही दुसऱ्या वेळच्या खात्यात जमा होत नाही. ब्रिटनमध्ये या उपचारांचे आकडे सरकारी संस्था प्रसिद्ध करते. तिथे पस्तिशीच्या आतल्या बायकांनाही एका भ्रूणामागे मूल होण्याचं प्रमाण साधारण तीनात एक. चाळिशीनंतर तर ते फारच घसरतं. म्हणजे एका वेळी न होणं हेच जास्त घडतं. होर्डिंगवर मात्र फक्त गुटगुटीत बाळ!

दुसऱ्यांदा होणारच नाही, असं मी म्हणत नाही. 1986 साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांनी जे करून दाखवलं, त्यामुळे कितीतरी घरं हसली. पण 'होऊ शकतं' म्हणजे 'केलंच पाहिजे' नव्हे.

2021 चा कायदा सांगतो की क्लिनिकने यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम नीट समजावून जोडप्याला निर्णय घ्यायला मदत करावी. निर्णय जोडप्याचा. त्यात मावशी, आत्या आणि सोसायटीतल्या काकूंची तरतूद नाही :)

आम्ही डॉक्टरांना तीन प्रश्न विचारणार आहोत. पहिल्यांदा काय फसलं? पुढच्या वेळी नेमकं वेगळं काय करणार? माझ्या वयाला तुमच्याकडे शक्यता किती? उत्तरं पटली तर विचार करू. नुसतं "पॉझिटिव्ह राहा" ऐकू आलं तर थांबू. आणि थांबलो तर त्याला हरणं म्हणू नका. घरात दोन माणसं आजही आहेत, आणि ती एकमेकांना हवी आहेत.

असो. फोन जरूर करा. फक्त आधी "कशी आहेस?" विचारा.