ससा हवाय? मग आधी रेस्क्यू सेंटरला फोन करा

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं काहीतरी पाळायचा हट्ट धरतात. कुत्र्यावरून सोसायटीत कुरकुर होते, मांजर आजीला चालत नाही. मग ससा बरा, असं ठरतं. लहानसा, गप्प, पिंजऱ्यात मावणारा. तुमच्या घरात सध्या असं काही शिजत असेल, तर बाजारात जाण्याआधी एक विनंती आहे. आपल्या शहरातल्या प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरमध्ये चौकशी करा. तिथे कुत्र्या-मांजरांबरोबर ससे आणि गिनी पिगही येतात, आणि त्यातले कितीतरी असेच कुणाच्या तरी हौसेने घरी आणलेले असतात.

ते तिथे कसे पोचतात, हे आधी समजून घ्यायला हवं. सशाच्या अगदी लहान पिल्लांत नर कोण, मादी कोण, हे ओळखणं अवघड असतं. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेली जोडी चार-पाच महिन्यांत वयात येते. सशीण साधारण ३१ दिवसांत विते आणि व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दोघांचे दहा व्हायला वेळ लागत नाही. जोडी नसली तरी वयात आलेला ससा बदलतो. नर जागोजागी लघवी करतो, मादी कधी अंगावर धावून येते आणि चार्जरच्या वायरी तर दोघंही कुरतडतात. तोवर मुलांची हौसही ओसरलेली असते. मग कुणीतरी सुचवतं, ‘सोडून देऊ टेकडीवर, निसर्गात राहील.’

असं कृपा करून कधीही करू नका. आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा वेगळ्या जातीचा. तो बीळ खणत नाही, उघड्यावर राहतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. घरातला ससा मूळ युरोपातला, शेकडो वर्षं माणसाने पाळलेला. टेकडीवर सोडला तर त्याला कुत्री, मांजरं, घारी यांच्यापासून वाचता येत नाही. शिवाय भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि रानससा पकडून घरी ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पोपट आणि तारा कासव यांनाही हाच कायदा लागू होतो, विकणारा काहीही सांगो.

रेस्क्यू सेंटरमधून मोठा झालेला ससा घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. पिल्लाचा मोह सुटत नाही, मान्य. पण मोठ्या सशाचा स्वभाव तिथल्या लोकांना ठाऊक असतो: कुणाला गडबड सोसत नाही, कोण कुणाशी जमवून राहतो. अनेक ठिकाणी नसबंदी करूनच प्राणी देतात. हा खर्च वाचतो म्हणूनच नव्हे, तर नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका फार असतो म्हणून हे महत्त्वाचं. आणि एकमेकांची सवय झालेली जोडी असेल, तर दोघांनाही घ्या. ससा एकटा कुढतो.

आता खाण्याबद्दल. चित्रांतला ससा गाजर खातो, त्यामुळे घरोघरी गाजरांचा मारा होतो. गाजरात साखर भरपूर. महिन्यातून चार-दोन वेळा एखादी चकती पुरे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला दिवसभर गवत चघळावं लागतं. त्याच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे वाळलेलं गवत. जोडीला औषध न फवारलेली हरळी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. पोळी, भात, बिस्किटं अजिबात नकोत. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याला रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्यावा लागतो.

सशाने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. म्हणूनच सशांवर उपचार करणारा डॉक्टर ससा आणण्याआधीच शोधून ठेवा. घरातल्या गोळ्या मनाने देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या जिवावर बेतू शकतं.

उन्हाळा हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीपलीकडे गेला की त्याला त्रास होऊ लागतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बाल्कनीत ससा ठेवणं म्हणजे त्याला मारणंच आहे. गार फरशीची, वारा खेळणारी जागा नसेल, तर ससा आणू नका. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात त्याचे पाय सोलवटतात. सपाट तळ आणि रोज काही तास मोकळं फिरणं हवं. त्याला आंघोळ घालू नका. आणि मुलांना आधीच सांगा: कान धरून उचलायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं नाही. घाबरून त्याने मागचे पाय झाडले तर त्याचाच कणा मोडू शकतो. मुलांनी जमिनीवर बसावं, तो आपणहून जवळ येतो.

सेंटरमधली माणसं पुष्कळ प्रश्न विचारतील. घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी आहे का, गावी जाता तेव्हा प्राणी कुणाकडे राहील, घरात कुत्रा आहे का. कुठे घर बघायला येतील, कुठे कागदावर सही घेतील. राग मानू नका. त्यांच्याकडे आलेला प्राणी एकदा टाकला गेलेला असतो, आणि नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेली तुमची मुलगी तोवर कॉलेजात जाईल. त्यामुळे निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, आणि पिंजरा साफ करायची जबाबदारीही मोठ्यांपैकी कुणीतरी घ्यायची.

इतकी वर्षं बांधून घेणं जमणार नसेल, तर काही आठवड्यांपुरता एखादा प्राणी घरी सांभाळायला मिळेल का, ते विचारा. आजारातून उठलेल्या प्राण्यांना असं तात्पुरतं घर मिळालं तर फार मदत होते. तेही शक्य नसेल, तर जुनी वर्तमानपत्रं, स्वच्छ टॉवेल आणि वाळलेलं गवत नेऊन द्या. नेण्याआधी फोन करून त्यांना नेमकं काय हवंय ते विचारून घ्या.