तेल किती, हा अर्धाच प्रश्न

स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून केले. कारण होते वाढता लठ्ठपणा. आवाहन योग्यच, पण त्यात तेल किती हे आले, कोणते हे राहिले. भूक आवरणाऱ्या मेंदूला मात्र दोन्हींनी फरक पडतो, असे संशोधन सांगते.

शरीरात चरबी पुरेशी साठली, हे मेंदूला कळवण्याचे काम लेप्टिन हे हार्मोन करते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले. चरबीच्या पेशी लेप्टिन रक्तात सोडतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचले, की भूक कमी होते. मग लेप्टिन टोचले की वजन उतरेल, अशी आशा निर्माण झाली. पण ज्यांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही, अशा मोजक्याच रुग्णांना गुण आला. इतर लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर होते. मेंदू त्याला दाद देत नव्हता. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून हिणवणे किती सोपे, आणि किती चुकीचे!

मेंदू दाद का देत नाही? ब्राझीलच्या कॅम्पिनास विद्यापीठातील संशोधकांना २००५ मध्ये चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाह आढळला. जंतू ओळखून शरीराला सावध करणारी यंत्रणा लांब साखळीच्या सॅच्युरेटेड, म्हणजे संपृक्त मेदाम्लांनीही चेतते, असे पुढे दिसले. २०१२ मधील एका अमेरिकी अभ्यासात हा दाह उंदरांचे वजन वाढण्याआधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाला होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आहारातली काही चरबी काढून जवसाचे किंवा ऑलिव्हचे तेल दिल्यावर तो ओसरला.

अर्थात हे उंदीर. त्यांना दिलेली चरबी घरच्या जेवणापेक्षा कितीतरी जास्त होती. लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्ये तशाच खुणा दिसल्या आहेत, पण त्या लठ्ठपणाचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही.

तरीही भारतात प्रश्न टाळता येणार नाही. देशात सर्वाधिक आयात होणारे खाद्यतेल म्हणजे पामतेल, आणि त्यातली जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त. शेंगदाणा, करडई, जवस यांत ती बरीच कमी. घरी चमचा मोजणाऱ्यालाही पामतेल बिस्किटातून, फरसाणातून मिळतेच. पाकिटामागे संपृक्त मेदाचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. हातगाडीवरच्या कढईत कोणते तेल आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.