नेकपाशी चीर दिसली म्हणून गिटार टाकून देऊ नका

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना, आणि मुलांसाठी सेकंडहँड गिटार शोधणाऱ्या पालकांना एक सांगायचं आहे. नेक जिथे बॉडीत बसतो, तिथे रंगावर केसाएवढी चीर दिसली की विकणारा म्हणतो, ‘काही नाही हो, सगळ्यांनाच असते,’ आणि घेणाऱ्याला वाटतं, गिटार गेली. या चिरा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, म्हणजे विकणारा बहुधा बरोबरच असतो. पण त्याच्या शब्दावर जाऊ नका. तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

या चिरा येतात कशा, ते आधी पाहू. लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियात जी गिटार बाजारात आणली, तिचा नेक गोंदाने चिकटवलेला नव्हता. बॉडीत खाच पाडून तो मागून चार स्क्रूंनी आवळला होता. पुढे १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्या असंख्य नकला याच पद्धतीने बनल्या. या खाचेच्या बाजूचं लाकूड, विशेषतः बारीक तारांकडे बॉडी आत वळवून कापलेली असते त्या कट-अवेजवळ, फार पातळ उरतं. त्यावर चढवलेलं पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचं फिनिश टणक असतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. फिनिश तेवढं हलत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला तडा जावा, तसा खाचेच्या कोपऱ्यातून रंगाला जातो. मुंबई-कोकणचा पावसाळा आणि रात्रभर एसी चालणारी खोली यांच्यात ये-जा करणाऱ्या गिटारीला तो लवकर गेला, तर नवल नाही.

दुसरं कारण कारखान्यातलं. खाचेच्या आत रंगाचा थर साचलेला असतो आणि त्यात नेक दाबून बसवतात. तो थर कडेला तडकतो. नव्याकोऱ्या गिटारीलाही अशी चीर असू शकते.

आता तपासणी. तारा सुरात असताना नेकचं टोक हलक्या हाताने किंचित मागेपुढे करा आणि चिरेवर नजर ठेवा. जोर लावू नका. तारांचा मिळून ताण आधीच ४५ किलोच्या आसपास असतो. चीर उघडझाप करत असेल किंवा कुरकुर ऐकू येत असेल, तर प्रकरण रंगापुरतं नाही. काहीच हललं नाही तर बहुधा फक्त रंग तडकलाय. चीर कुठे जाते तेही पाहा. कोपऱ्यातून निघून इंचभरात विरली तर काळजी नको. लाकडाच्या रेषेबरोबर लांब पळत असेल, किंवा मागे, स्क्रू बसतात त्या नेक प्लेटच्या खालून बाहेर येत असेल, तर नेक काढून खाचेतलं उघडं लाकूड बघायलाच हवं. तिथे तडा नसेल तर विषय संपला.

नेक काढताना घाई करू नका. आधी तारा सैल करा. स्क्रू निघाल्यावर नेक अडला तर डावी-उजवीकडे हिसडू नका. चांगल्या गिटारीला नवी चीर पडते ती अशाच वेळी. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात तो टक्कन बसला की मग सुलटा आवळा. ड्रिल मशीन लांब ठेवा. स्क्रू बॉडीच्या भोकातून सैल जायला हवा, आटे फक्त नेकमध्ये धरायला हवेत. बॉडीतही धरत असतील तर कितीही आवळा, मध्ये फट राहते.

रंगातल्या चिरेत फेव्हिक्विक ओतायचा मोह होतो. ओतू नका. ते फिनिशवर ओघळलं तर चिरेपेक्षा वाईट डाग पडतो. रंगाचे तुकडे उडत असतील तर हे काम पातळ सुपरग्लू जपून वापरणाऱ्या जाणत्या कारागिराचं. उडत नसतील तर काहीही करू नका. एवढ्यासाठी पूर्ण गिटार रंगवून देतो म्हणणाऱ्याकडे तर पाठ फिरवा. लाकूडच तडकलं असेल तर मात्र वाजवणं थांबवा, तारा सैल करा. स्वच्छ तडा असेल तर लाकडाचा गोंद आत मुरवून क्लॅम्पने नीट आवळला की जोड पक्का होतो.

खबरदारी म्हणाल तर गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, स्टँड घ्या. ती एकट्या नेकला धरून झुलवत नेऊ नका. सूर वाकवण्यासाठी नेक ओढणारे वादक स्टेजवर छान दिसतात, पण त्यांची गिटार दुरुस्त करणारा माणूस वेगळा असतो. हवामानाचा फार बाऊ नको. गिटार केसमध्ये ठेवली आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तर पावसाळा निघतो.

सेकंडहँड घेताना चीर दाखवून किंमत जरूर कमी करून घ्या. पण नेक घट्ट आहे, सूर टिकतोय आणि खाचेतलं लाकूड अखंड आहे, तर रंगावरच्या एका रेषेसाठी चांगली गिटार सोडू नका.